तथापिच्या आधीचं वाक्य

आमच्या शेजारच्या काकूंचा अजूनही असा समज आहे, की मी तोतऱ्या मुलांवर उपचार करायचे. एकदा त्यांनी आपल्या भाच्याला माझ्याकडे आणलंही होतं. मी त्याला बिस्किटं दिली, इकडच्या-तिकडच्या गप्पा मारल्या आणि जीभ न तपासता परत पाठवलं. तेव्हापासून मी माझ्या विषयात कच्ची आहे असं त्यांचं मत झालंय. निवृत्त होऊन हिंगोलीत परत आल्यापासून असले गैरसमज दूर करण्याचा नाद मी सोडला आहे. पण या अंकाच्या संपादकांनी ‘कामाबद्दल लिहा, फक्त आम्हाला कळेल असं लिहा’ म्हणून गळ घातली, तेव्हा म्हटलं, एकदा सांगून टाकावं.

माझं काम असं होतं: एखादं माणूस घरात एक भाषा बोलतं आणि बाहेर त्याला दुसरी बोलावी लागते. त्या दुसऱ्या भाषेचे आवाज त्याच्या जिभेवर कसे बसतात, किती वर्षांत बसतात, काय बसत नाही, हे मोजायचं. एवढंच. विद्यापीठात तीस वर्षं मी हेच केलं.

यात मोजण्यासारखं काय आहे असं वाटत असेल, तर ‘चार’ म्हणून बघा, आणि मग जनावरांचा ‘चारा’ म्हणा. लिहिताना च एकच. पण पहिल्यात जीभ टाळूला लागते आणि दुसऱ्यात दातांच्या मागे. हे तुम्हाला कुणी शिकवलेलं नाही. मात्र कुणी दोन्हीकडे एकच च काढला, की हा माणूस आपल्यातला नाही हे तुम्हाला त्याच क्षणी कळतं. काय चुकलं ते सांगता येत नाही, पण कळतं. माझं सगळं पोट त्या ‘सांगता येत नाही’वर चाललं.

आमच्या जिल्ह्यात या अभ्यासासाठी माणसं शोधत फिरावं लागत नाही. तांड्यावरच्या बंजारा लेकराची घरची बोली गोरमाटी. सहाव्या वर्षी ते शाळेत येतं आणि समोरच्या बाई मराठीत बोलायला लागतात. याच्या वाडवडलांनी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर नेलं, आता घरचे कापूस आणि हळद करतात. अशा एका तांड्यावर, आखाडा बाळापूरच्या अलीकडे, मी माझ्या उमेदीची बरीच वर्षं घालवली.

खेड्यात शांतता असते हा शहरी लोकांचा भ्रम आहे. ध्वनिमुद्रण करायला गेलं की तो पहिल्या तासात उतरतो. शेळ्या, पिठाची गिरणी, गाणी लावून जाणारा ट्रॅक्टर, आणि मुलाला ‘नीट बोल’ म्हणून मागून ढोसणारे गुरुजी. शेवटी मला शाळेची खिचडीची कोठी सापडली. तांदळाची पोती थप्पीला लावलेली असली की आवाज घुमत नाही, बाहेरचा आतही येत नाही. विद्यापीठातल्या आमच्या मुद्रणकक्षापेक्षा ती कोठी सरस होती. फक्त उंदरांचं वेळापत्रक सांभाळावं लागे.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. तांड्याच्या म्हाताऱ्या नायकांनी, म्हणजे तिथल्या प्रमुखांनी, माझ्या यंत्राकडे बराच वेळ बघून विचारलं, “आवाज डब्यात गेल्यावर माझ्याकडं काय राहील?” मी म्हटलं, सगळा राहील. त्यांनी आधी माझाच आवाज घ्यायला लावला, मग माझ्याकडून थोडा वेळ बोलून घेतलं, काही कमी झालेलं नाही याची खात्री केली आणि मगच ते बोलले. वारंगा फाट्यावरच्या पंक्चरवाल्याला तर मी रत्न समजले होते. ट्रकवाल्यांच्या संगतीनं तेलुगू, हिंदी, पंजाबी सगळं फर्डं बोलायचा. दोन दिवस त्याचं मुद्रण केल्यावर लक्षात आलं, की तो त्या त्या ट्रकवाल्याची नक्कल करतोय. मी वैतागून विचारलं, “अहो, तुमचा स्वतःचा आवाज कोणता?” तो टायर पाण्यात बुडवत म्हणाला, “गिऱ्हाईक कोण हाय त्याच्यावर हाय, मॅडम.” माझ्या दृष्टीनं ते मुद्रण वाया गेलं. पण पुढे एकही व्याख्यान मी त्याच्याशिवाय दिलं नाही.

आमच्या धंद्याचे दोन नियम होते. पहिला, कुणाच्या बोलण्याला चूक म्हणायचं नाही. ‘प्रभाव’ म्हणायचं. घरच्या बोलीचा प्रभाव बाहेरच्या बोलण्यावर पडतोच, मराठवाड्याचा माझ्यावर आहे, पुण्याचा पुणेकरांवर आहे. दुसरा नियम माझ्या गुरूंनी रक्तात भिनवलेला: हातात पुरावा असेल तेवढंच बोलायचं, आणि बोलल्यावर त्याच्या मर्यादाही सांगायच्या. त्यामुळे आमच्या लेखनात एक वाक्य पुढे जातं आणि लगेच ‘तथापि’ म्हणून दुसरं त्याला मागे ओढतं. ज्याच्या लेखात तथापि नाही त्याला आम्ही भोंदू समजत असू. मला माझ्या तथापिंचा अभिमान होता. हे पुढच्या गोष्टीसाठी सांगून ठेवते.

सुमित्रा मला त्याच तांड्यावर भेटली. पहिलीत होती. कोठीत पोत्यावर बसवल्यावर इतर मुलं यंत्राला बिचकायची, ही त्याच्याकडे तोंड करून ‘व्हय, बोल की’ म्हणाली. दर तीन वर्षांनी मी तिचं मुद्रण केलं. तोच उतारा, तीच चित्रं. पहिलीतली अडखळणारी, चौथीत इथल्या पोरांसारखी बोलू लागलेली, दहावीत वक्तृत्वात बक्षीस घेतलेली. एका माणसाची भाषा वाढताना इतक्या लहानपणापासून ऐकायला मिळणं हे आमच्या कामात दुर्मीळ. माझे जे दोन-तीन लेख लोकांनी बरे म्हटले, त्यांच्यात सुमित्रा आहे. नाव नाही, फक्त एक अक्षर.

तिची आई सोमलीबाई. त्या काही माझ्या अभ्यासात नव्हत्या, पण कोठीच्या दाराशी येऊन बसायच्या. त्यांना बाजारापुरती मराठी यायची. भाव करायला, एसटीत जागा मागायला, दवाखान्यात दुखणं सांगायला ती पुरे. लेकीशी बोलायला लागल्या की मात्र गोरमाटीच. मी ती बोली त्यांच्याकडूनच शिकले. माझं बोलणं ऐकून त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. मी त्यांना याडी म्हणायचे, म्हणजे आई.

पुढे सुमित्रानं डी.एड. केलं आणि आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या एका खासगी शाळेत पहिलीच्या वर्गावर लागली. नोकरी तात्पुरती होती. दोन वर्षं झाल्यावर कायम करायची वेळ आली, आणि त्याच सुमारास काही पालकांनी तक्रार केली. बाई शिकवतात चांगलं, पण त्यांच्या बोलण्यात तांड्याची चाल आहे. आमची पोरं पण तशीच बोलून राहिली. संस्थेचे सचिव म्हणाले, कुणातरी जाणकाराचं लेखी आणा, आपण विषय मिटवून टाकू.

सुमित्राचा मला फोन आला. “बाई, तुमच्याकडं माझा लहानपणापासूनचा आवाज हाय. तुमच्यापेक्षा जाणकार कोण हाय? दोन ओळी लिवून द्या.”

दोन ओळी. ती दोन ओळीच मागत होती.

पण मी पडले संशोधक. म्हटलं, हे काम शास्त्रशुद्ध व्हायला हवं. माझ्या शब्दावर कुणी का विश्वास ठेवावा? गोरेगावला गेले. एकच मजकूर सुमित्राकडून, मुख्याध्यापकांकडून आणि आणखी एका शिक्षिकेकडून वाचून घेतला आणि दुसरीच्या मुलांना ऐकवून लिहायला लावला. मुलांनी तिघांचंही सारखंच लिहिलं. सुमित्राचं कणभर बरंच. मोठ्या माणसांना मात्र ऐकवलं तर त्यांनी तिचा आवाज तांड्यावरचा म्हणून बरोबर ओळखला. याच्यात नवल काहीच नव्हतं. बोलण्याला कुठल्या गावची चाल आहे आणि बोललेलं समजतं का, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी आयुष्यभर हेच शिकवत आले होते.

मी चार पानांचा अहवाल लिहिला. सगळं मांडलं. दुसऱ्या पानावर लिहिलं, ‘शिक्षिकेच्या मराठी उच्चारांवर व वाक्याच्या चालीवर मातृभाषेचा प्रभाव आढळतो. तथापि, या प्रभावामुळे विद्यार्थ्यांच्या आकलनात कोणतीही बाधा येत असल्याचे दिसून आले नाही.’ शेवटच्या पानावर ‘मर्यादा’ असं शीर्षक घालून लिहिलं, की मुलांची संख्या कमी आहे, दीर्घकालीन परिणामांबद्दल निश्चित विधान करता येणार नाही. लिहून झाल्यावर मला फार बरं वाटलं होतं. इतका निर्दोष अहवाल मी परीक्षकांनाही कधी दिला नव्हता.

पंधरा दिवसांनी सुमित्राचा पुन्हा फोन. “बाई, बैठक झाली. मला कायम न्हाई केलं.” आवाज अगदी सपाट होता.

मी दुसऱ्याच दिवशी हिंगोलीला येऊन तिथून जीप धरून गोरेगावला गेले. सचिव घरीच भेटले. कापसाचे व्यापारी, माणूस वाईट नव्हता. त्यांनी चहा सांगितला आणि माझा अहवाल माझ्यासमोर ठेवला. दुसऱ्या पानावरच्या पहिल्या वाक्याखाली लाल रेघ होती. दुसऱ्या वाक्याखाली नव्हती. शेवटच्या पानावर ‘निश्चित विधान करता येणार नाही’ याखाली दोन रेघा होत्या.

“तुमीच लिवलंय, मॅडम,” ते म्हणाले.

“पुढचं वाक्य वाचलंत का?”

“वाचलं की. पण पालकाला तथापि समजत न्हाई. त्याला एवढं समजलं, की विद्यापीठाच्या मॅडमनी बी तांड्याचा प्रभाव हाय म्हणून लिवून दिलं.”

“अहो, प्रभाव सगळ्यांवर असतो. तुमच्या बोलण्यात नाही का? माझ्या बोलण्यात नाही?”

“आसंल,” ते शांतपणे म्हणाले. “पण आमच्याबद्दल कुणी कागद मागितला न्हाई ना.”



मी म्हटलं, मी पुरवणी अहवाल देते. ते म्हणाले, द्या. तो चार पानांऐवजी सहा पानांचा झाला. त्यात आणखी खुलासे आणि खुलाशांचे खुलासे. तोवर सुमित्राच्या जागेवर दुसरी शिक्षिका आली होती. ‘ही बाई उत्तम शिकवते. मुलांना तिचं सगळं समजतं. तिला कायम करा.’ एवढं लिहिलं असतं तर ते खोटं नव्हतं. पुराव्याबाहेरचंही नव्हतं. पण सही करताना मला सोमलीबाईंची लेक आठवली नाही. माझ्या लेखात खोट काढणारे चार विद्वान आठवले, आणि मी त्यांच्यासाठी लिहिलं. त्यांच्यातला एकही गोरेगावला राहत नव्हता.

सुमित्राला भेटायला तांड्यावर जाताना मी माफीची वाक्यं जुळवत होते. ती अंगणात हळकुंडं वाळत घालत होती. तिनं मला बोलूच दिलं नाही. “तुमी खोटं कुठं लिवलं, बाई? जे हाय तेच लिवलं.” मग म्हणाली, “एक काम करता? तुमचा आवाज द्या मला. पुस्तकातले पाठ वाचून द्या. मी ऐकून ऐकून तसं बोलते.”

आता मला प्रामाणिकपणे सांगायला हवं: मला तिची कीव आली नाही, लाजही वाटली नाही. मला आनंद झाला. काहीतरी भरपाई करता येईल म्हणून झाला, आणि इतक्या मोठ्या वयात माणसाची चाल पुरती बदलते का, हा आमच्या विषयातला जुना प्रश्न आहे म्हणूनही झाला. मी पहिलीचं आख्खं पुस्तक वाचून दिलं. वर वर्तमानपत्रातले उतारे दिले. सोमलीबाई शेजारी बसून ऐकत होत्या. त्यांनी लेकीला गोरमाटीत विचारलं, ‘आता बाईचा आवाज काहून पाहिजे? तुझा गेला का?’ सुमित्रानं पुस्तकाचं पुढचं पान उलटून माझ्यापुढे धरलं. मी मात्र मनातल्या मनात त्या वाक्याची चाल टिपून घेतली. सवयीचा दोष.

त्यानंतर तिचा संपर्क तुरळक झाला. लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीमुळे औंढ्याला राहिली, मग तिथल्या शाळेत लागली. कायम झाली. मुलगी झाली. हे सगळं मला कुणाकुणाकडून कळत गेलं. तिला स्वतः विचारावं अशी माझी छाती झाली नाही.

निवृत्तीच्या आधीच्या दिवाळीत मी ठरवलं, शेवटचं एक मुद्रण करायचं. ती सणाला माहेरी आली होती. मी यंत्र घेऊन गेले.

खिचडीची कोठी पाडून तिथे नवी खोली झालीय. आम्ही सोमलीबाईंच्या घरातच बसलो. तोच जुना उतारा मी सुमित्राच्या हातात दिला. तिनं न अडखळता वाचला. कानाला हेडफोन लावून मी ऐकत होते आणि माझा हात वहीवर थांबला. तांड्याची चाल कुठेही नव्हती. गोरेगावची नव्हती, बाळापूरचीही नव्हती. वाक्याच्या शेवटी आवाज जरा खाली नेऊन थांबायची माझी एक लकब आहे, विद्यार्थी तिची नक्कल करायचे. ती जशीच्या तशी होती. एवढं पूर्ण यश मी कुठल्याच मुद्रणात ऐकलं नव्हतं, आणि मला ते ऐकवेना. मी यंत्र बंद केलं.

“जमलं का, बाई?” तिनं विचारलं.

“फार चांगलं,” मी म्हटलं. या वेळी पुढे काही जोडलं नाही.

“आता मला कुणी ओळखत नाही,” ती म्हणाली. त्यात समाधान होतं, मी उगाच दुःख शोधणार नाही. “शाळेतल्या बायका विचारतात, तुम्ही मूळच्या पुण्याच्या का?”

तिची मुलगी आर्या सात-आठ वर्षांची. दाराशी मोबाइल बघत होती. मी विचारलं, “हिच्याशी घरी काय बोलता?”

“मराठीच. हिला मी आमची बोली लागू दिली नाही. एकदा जिभेवर बसली की काढताना फार जातं. तुम्हाला माहीत आहे.” आणि ती चहा करायला आत गेली.

मला माहीत होतं. तीस वर्षं मी तेच मोजत होते.

सोमलीबाई आता थकल्यात, भिंतीला टेकून बसल्या होत्या. नातीकडे बघत होत्या. तिच्याशी त्या आधी दोनदा मराठीत बोलल्या होत्या, ‘जेवली का’ आणि ‘हिकडं ये’. बाजारात बोलाव्यात तशा. भाव करायला पुरते ती मराठी, लाड करायला पुरत नाही. आता त्या आपल्या बोलीत लागल्या. भराभर आणि खालच्या आवाजात, बरंच बोलल्या.

आर्यानं मोबाइलमधून मान वर केली. आजीकडे पाहिलं, आतल्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळली. “काय म्हणते आजी?”

मी सांगितलं. “आजी म्हणते, तू अगदी तुझ्या आईसारखी दिसतेस. तिच्या लहानपणाची एक ओढणी ठेवलीय, आरसे लावलेली, ती तुझीच आहे. आणि विचारते, सुट्टीत चार दिवस माझ्याजवळ राहशील का?”

पोरीनं थोडा विचार केला. गुणी मुलगी आहे, उत्तर नीट दिलं. फक्त आजीला नाही, मला.

“आजीला सांगा, आईला विचारते.”

सोमलीबाईंना तेवढी मराठी कळत होती. तरी त्या माझ्याकडे बघत थांबल्या, तेव्हा मी ते गोरमाटीत सांगितलं.